पहिल्या पाळीव उंदरांची तयारी: साहित्य, आहार आणि पहिला महिना

४ जानेवारी

घरी पहिल्यांदाच उंदीर पाळायचे ठरले आहे आणि ते आणण्यापूर्वी पूर्ण एक महिना केवळ तयारीसाठी राखून ठेवला आहे. इच्छा अकरा वर्षांच्या लेकीची आहे, परंतु जबाबदारी माझी राहील, हे आम्ही दोघींनी आजच बोलून घेतले. पाळीव उंदीर साधारण दीड ते अडीच वर्षे जगतो. एवढ्याशा आयुष्यातले पहिले महिने आमच्या चुका सोसण्यात जाऊ नयेत, यासाठी ही वही सुरू करत आहे. पिंजरा, अंथरूण, पाणी आणि खाद्य हे चारही विषय वहीत मार्गी लागल्याशिवाय प्राणी आणायचा नाही.

पहिला निर्णय संख्येचा होता. उंदीर एकमेकांना बिलगून झोपणारा, एकमेकांचे अंग साफ करणारा प्राणी आहे. त्यामुळे एकटी मादी ठेवणे योग्य नाही. वयात आलेले दोन नर एकत्र ठेवले तर बहुधा भांडतात आणि ती भांडणे रक्तापर्यंत जातात, शिवाय नरांच्या मूत्राचा वासही अधिक उग्र असतो. नर आणि मादी एकत्र ठेवण्याचा प्रश्नच नाही, कारण पिल्ले पाचव्या-सहाव्या आठवड्यात वयात येतात, गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि व्यायल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून एकाच वेताच्या दोन बहिणी आणायच्या, असे ठरले.

९ जानेवारी

आज पिंजरे पाहिले. जाताना लेकीच्या दप्तरातली एक साधी पेन्सिल सोबत नेली होती आणि तिचा मोठा उपयोग झाला. पेन्सिलीची जाडी सुमारे ७ मिलिमीटर असते. ती दोन गजांमधून सहज आत जात असेल, तर उंदराचे पिल्लू त्याच फटीतून बाहेर येऊ शकते. उंदराच्या शरीरात आकसून न घेता येणारा भाग म्हणजे कवटी. डोके एकदा पार झाले की बाकीचे अंग मागोमाग येते. "लहान प्राण्यांसाठी" म्हणून मांडलेल्या पहिल्या पिंजऱ्यात पेन्सिल तर गेलीच, पण माझी करंगळीही गेली. गजांमधले अंतर फूटपट्टीने मोजले तेव्हा ११ मिलिमीटर भरले. तो पिंजरा दिसायला फार देखणा होता, तीन मजली, रंगीत जिन्यांचा. मात्र त्यात उंदीर पहिल्या रात्रीसुद्धा राहिला नसता. आपल्याला ६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर हवे आहे.

दुसरी अडचण तळाची. काही पिंजऱ्यांचा तळ जाळीचा असतो, म्हणजे घाण खाली पडते आणि साफसफाई सोपी होते. पण तीस-चाळीस ग्रॅमच्या प्राण्याचे तळवे दिवसरात्र तारेवर राहिले तर सोलवटतात आणि त्या जखमा चिघळतात. शिवाय उंदराला उकरायला खोल अंथरूण लागते, ते जाळीवर टिकणार नाही.

अखेर ८० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशी काचेची टाकी निवडली. काचेच्या टाकीत हवा कोंडते, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे तिचे झाकण काठापासून काठापर्यंत बारीक तारेच्या जाळीचेच करून घेतले, मध्ये प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा ठेवली नाही. झाकणाला दोन चापही लावले आहेत, कारण उंदीर उत्तम चढतो आणि सैल कोपरा शोधून काढतो.

१३ जानेवारी

अंथरुणाचा विषय वाटला होता त्यापेक्षा महत्त्वाचा निघाला. सीडर आणि पाइन या लाकडांचा भुसा सुवासिक असतो आणि त्या सुवासामुळेच तो माणसांना आवडतो. हा वास ज्या तैलद्रव्यांतून येतो, ती श्वासनलिकेला त्रास देतात आणि यकृतातील विकरांच्या कामातही बदल घडवतात. उंदराचे नाक अंथरुणापासून एक सेंटिमीटरवर असते आणि त्यातच तो झोपतो. श्वसनाचे आजार ही पाळीव उंदरांची नेहमीची दुखणी आहेत. तेव्हा वासाचा भुसा घरात आणायचाच नाही.

उरले दोन पर्याय: अस्पेनचा भुसा आणि कागदाच्या लगद्यापासून केलेले अंथरूण. दोन्हींची एकेक मूठ खिडकीजवळ काळ्या कापडावर टाकून झटकली. स्वस्त अस्पेनच्या भुशाखाली पिठासारखा पांढरा थर राहिला. कागदाच्या अंथरुणाखाली जवळजवळ काहीच नव्हते. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, पण पिशवीवरच्या "धूळविरहित" या शब्दापेक्षा तिच्यावर माझा विश्वास अधिक बसला. कागदाचे अंथरूण घेतले आणि त्यात थोडे वाळलेले गवत मिसळायचे ठरवले, म्हणजे उकरलेले बोगदे ढासळत नाहीत. गवतात माइट्स, म्हणजे अंगावर जगणारे सूक्ष्म परजीवी, असू शकतात, म्हणून ते पिशवीत बांधून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवले आहे. थर किमान १२ सेंटिमीटरचा देणार आहे.

१७ जानेवारी

चाकाच्या बाबतीत माझी चूक झाली. घाईत घेतलेले चाक ११ सेंटिमीटर व्यासाचे आणि आडव्या दांड्यांचे होते. दांड्यांच्या मधल्या फटीत पाय किंवा शेपूट अडकते, आणि व्यास लहान असला की धावताना पाठ उलट्या कमानीसारखी वाकलेली राहते. उंदीर रात्रीतून कितीतरी तास धावतो. एवढा वेळ मणका वाकलेला ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. चाक परत केले. आता २० सेंटिमीटर व्यासाचे, अखंड पृष्ठभागाचे चाक आणले आहे आणि ते काचेला चिकटून राहणार नाही, अशा बेताने बैठकीवर बसवले आहे.

त्याच वेळी प्लॅस्टिकचा फिरता गोळाही दाखवण्यात आला, ज्यात उंदीर ठेवून त्याला घरभर फिरू देतात. तो नाकारला. त्यात हवा अपुरी खेळते आणि घाबरलेल्या प्राण्याला थांबून लपायला जागाच नसते.

२१ जानेवारी

घरट्यासाठी म्हणून मिळणारा पिंजलेला मऊ कापूस घेऊ नये. त्याचे धागे लांब आणि चिवट असतात. पायाला वेढा बसला की रक्तप्रवाह थांबतो, आणि गिळले तर आतड्यात गुंता होतो. वास नसलेला, बिनरंगी टिश्यू पेपर पुरतो. तो पट्ट्यापट्ट्यांनी फाडून उंदीर स्वतः घरटे विणतो, आणि ते विणणे हीच त्याची मोठी गरज आहे. लपण्यासाठी दोन लाकडी घरे घेतली. दोन्हींना दोन-दोन दारे आहेत, म्हणजे एकीने दार अडवले तरी दुसरीला निसटता येईल. पुठ्ठ्याच्या नळ्यांवरची चिकटपट्टी आणि डिंकाचे थर लेकीने सोलून काढले.

२५ जानेवारी

आजपासून खाद्य. हा भाग सविस्तर लिहीत आहे, कारण साहित्यातली चूक परत करता येते, पोटात गेलेले परत काढता येत नाही, आणि उंदराच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. उंदराला उलटी करता येत नाही. कुत्रा किंवा मांजर वाईट काही खाल्ले तर ओकून मोकळे होऊ शकते. उंदरासाठी ती वाट शरीराने ठेवलेलीच नाही. त्यामुळे "थोडे देऊन पाहू" ही पद्धत इथे लागू करायची नाही. जे सुरक्षित आहे हे निश्चित ठाऊक आहे, तेवढेच द्यायचे.

मुख्य आहारासाठी दोन प्रकार समोर होते. एक म्हणजे रंगीबेरंगी मिश्रण: सूर्यफुलाच्या बिया, मका, वाळलेले वाटाणे, काही लाल-हिरव्या गोळ्या. दुसरा म्हणजे सगळे घटक एकत्र दळून केलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या तपकिरी पेलेट्स. मिश्रणाचा दोष असा की उंदीर त्यातून निवडून खातो. तो आधी सूर्यफुलाच्या बिया उचलतो, कारण त्यांत स्निग्धांश भरपूर असतो, आणि जीवनसत्त्वे व खनिजे ज्या गोळ्यांत भरलेली असतात त्या तशाच पडून राहतात. वाटी रिकामी दिसत नाही, तोवर मालक निश्चिंत असतो, आणि प्राणी मात्र आतून अपुरा पोसला जातो. पेलेटमध्ये निवडायला काही राहत नाही. म्हणून उंदरांसाठीच तयार केलेले, सुमारे १६ टक्के प्रथिनांचे पेलेट घेतले. सशाचे किंवा गिनीपिगचे खाद्य त्याऐवजी चालणार नाही. ससा आणि गिनीपिग यांचे खाद्य प्रामुख्याने गवतावर बेतलेले असते, आणि गिनीपिगला बाहेरून लागणारे क जीवनसत्त्व उंदराचे शरीर स्वतः तयार करते.

प्रमाण: प्रौढ उंदीर दिवसाला साधारण ३ ते ५ ग्रॅम खातो आणि ४ ते ७ मिलिलिटर पाणी पितो. काट्यावर ८ ग्रॅम पेलेट मोजून तळहातावर घेतले, तेव्हा लेक म्हणाली, "आई, दोघींना मिळून एवढंच?" एवढेच. मात्र उंदीर दिवसभरात अनेकदा थोडे थोडे खातो आणि फार काळ उपाशी राहू शकत नाही, म्हणून वाटी कधीही पूर्ण रिकामी ठेवायची नाही. काही पेलेट अंथरुणात विखरून टाकायचे, म्हणजे शोधून खाण्याची त्याची स्वाभाविक सवय मोडणार नाही.

३० जानेवारी

शीतकपाटाच्या दारावर लावण्यासाठी आज दोन कागद तयार केले. लिहिणे लेकीचे, पडताळणे माझे.

वर्ज्य पदार्थांच्या कागदावर प्रत्येक पदार्थापुढे कारण लिहायचेच, असा माझा आग्रह होता. कारण ठाऊक असले की नियम लक्षात राहतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांनाही समजावता येतो. चॉकलेट नको, कारण त्यातील थिओब्रोमिन आणि कॅफीन हृदयावर व मज्जासंस्थेवर परिणाम करतात. त्याच कारणाने चहा-कॉफीचा घोटही नको. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन असते, जे शिजवल्यावर निष्प्रभ होते, पण शिजवण्यात कसर राहिली तर धोका उरतो. त्यामुळे आम्ही राजमा पूर्णच वगळला. हिरवट पडलेल्या किंवा कोंब फुटलेल्या बटाट्यात सोलानिन असते, टोमॅटोच्या पानादेठांतही तसलीच विषारी द्रव्ये असतात. सफरचंदाच्या बियांतील अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होते, म्हणून फोड देण्यापूर्वी गाभा पूर्ण काढायचा. अ‍ॅव्होकॅडोत पर्सिन असते. रुबार्बच्या पानांत ऑक्झॅलेट असतात. बुरशी लागलेले धान्य किंवा शेंगदाणे तर मुळीच नकोत; बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृत नासवते आणि ते डोळ्यांना दिसतेच असे नाही. शेंगदाण्याचे लोणी विषारी नाही, परंतु घशात चिकटून श्वास अडवू शकते. ते बोटाने भरवायचे नाही.

सुरक्षित पदार्थांचा कागद लहान आहे आणि तो लहानच ठेवायचा आहे: ब्रोकोली, गाजर, काकडी, वाटाणे, बी काढलेले सफरचंद, कच्चे ओट्स, उकडलेल्या अंड्याचा कण, मीठ-मसाला न घातलेला शिजलेला भात किंवा पास्ता, राळ्याचे कणीस. ताज्या पदार्थाचा तुकडा करंगळीच्या नखाएवढा, एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि त्यानंतर दोन दिवस लेंड्या पाहायच्या. काकडी व लेट्यूस यांत पाणी फार असते, जास्त झाले की पोट बिघडते. फळांत साखर असते. ती आठवड्यातून एक-दोनदाच. भाजी देण्यापूर्वी नीट धुवायची आणि उरलेली तीन-चार तासांत काढून टाकायची, नाहीतर उंदीर ती घरट्यात दडवून ठेवतो आणि तिथे ती सडते.

२ फेब्रुवारी

जागा ठरवली. टाकी बैठकीच्या खोलीत ठेवायची नाही. उंदराला माणसाच्या कक्षेपलीकडचे, ८० किलोहर्ट्झच्या आसपासचे आवाजही ऐकू येतात, आणि दूरचित्रवाणी संच किंवा संगणक यांतून निघणारे जे सूक्ष्म आवाज आपल्याला जाणवत नाहीत ते त्याला सतत त्रास देऊ शकतात. लेकीच्या खोलीतला, थेट ऊन आणि वाऱ्याचा झोत दोन्ही टळणारा कोपरा निवडला. चार दिवस तापमापक तिथे ठेवला होता. पारा २० ते २४ अंश सेल्सियसमध्ये राहिला. लहान प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य शोधून त्यांचा क्रमांक टाकीवर चिकटवला. हे काम आजारपणात करायचे नसते.

६ फेब्रुवारी

आज दोघी घरी आल्या. सहा आठवड्यांच्या बहिणी. एक काळीभोर, ती राई. दुसरी फिकट पिवळसर, ती साय. पालनकर्त्याला मुद्दाम विचारले की नर पिल्लांपासून त्यांना केव्हा वेगळे केले. चार आठवडे पूर्ण होताच, असे उत्तर मिळाले. तरीही पुढचे तीन आठवडे वजनावर लक्ष ठेवणार आहे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वाटी ठेवून वजन केले: राई १९ ग्रॅम, साय २१ ग्रॅम.

पालनकर्त्याकडून त्यांच्या सवयीचे खाद्य आठ दिवसांपुरते मागून घेतले. आज तेच दिले. नवे पेलेट रोज थोडे वाढवत जाऊ. तिथल्या घरट्याची एक मूठही आणली आणि लाकडी घरात ठेवली; ओळखीचा वास असला की नवी जागा लवकर अंगवळणी पडते. आज हात लावायचा नाही. रात्री मंद लाल दिव्यात पाहिले, कारण उंदराला तांबडा प्रकाश फारसा दिसत नाही. दोघींनी टिश्यू पेपरच्या पट्ट्या तोंडात धरून, मागे मागे सरकत आत ओढल्या, आणि तासाभरात मुठीएवढा गोल खोपा तयार झाला.

१२ फेब्रुवारी

जुन्या खाद्यात सूर्यफुलाच्या बिया होत्या, त्यामुळे २५ जानेवारीच्या नोंदीची पडताळणी आपोआप झाली. संध्याकाळी १० बिया आणि १० गोळ्या मोजून वाटीत टाकल्या. सकाळी बियांची फक्त सालपटे उरली होती. गोळ्या नऊ होत्या. पेलेट मात्र दोघी पुढच्या दोन पायांत धरून, फिरवत फिरवत कुरतडतात आणि संपवतात. पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे असे कडक काही कुरतडणे त्यांना आवश्यकच आहे. सूर्यफुलाची बी आता केवळ बक्षीस म्हणून, दिवसाला एक.

१५ फेब्रुवारी

टाकीला पाण्याच्या दोन बाटल्या लावल्या आहेत. सकाळी त्यांतल्या एकीची पातळी काल होती तेवढीच होती. आधी वाटले, दुसरीतूनच पीत असतील. नळीच्या टोकाची गोळी बोटाने ढकलली तर थेंब आला नाही. आत अंथरुणाचा कागद अडकून ती घट्ट बसली होती. दुसरी बाटली नसती, तर दोघी रात्रभर तहानलेल्या राहिल्या असत्या. आता रोज सकाळी दोन्ही गोळ्या बोटाने दाबून थेंब पाहायचा आणि मगच पाणी बदलायचे. नळीची उंचीही दोन सेंटिमीटरने वाढवली, म्हणजे उकरलेला ढीग तिथवर पोहोचणार नाही.

२० फेब्रुवारी

पहिली मोठी साफसफाई. अंथरूण पूर्ण बदलले नाही. ओला कोपरा दर दोन-तीन दिवसांनी काढतोच. आज आणखी एक तृतीयांश काढले, घरटे जसेच्या तसे ठेवले. सगळाच वास पुसला गेला तर त्या अस्वस्थ होतात आणि नव्याने खुणा करण्यासाठी मूत्र अधिक टाकतात, म्हणजे वास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. तरीही अमोनियाचा दर्प नाकाला जाणवू लागला, तर तो त्यांच्या फुप्फुसांना कधीचाच सोसावा लागलेला असतो, हे लक्षात ठेवून झाकण काढून वास घेणे रोजच्या कामांत घातले.

साफसफाईनंतर आम्ही दोघींनीही साबणाने हात धुतले. उंदरांमार्फत साल्मोनेला आणि क्वचित एलसीएमव्ही हा विषाणू माणसाला लागू शकतो, आणि गर्भवती स्त्रीसाठी हा विषाणू विशेष घातक असतो; म्हणून घरी येणाऱ्या भावजयीला सध्या टाकी दुरूनच दाखवायची, असे लेकीला सांगून ठेवले.

२७ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले, पिल्ले झाली नाहीत. वजन: राई २४, साय २६. वाढ सावकाश आणि सारखी आहे.

हाताळणीसाठी पुठ्ठ्याची नळी वापरतो. २०१० मध्ये जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट या संशोधकांनी नेचर मेथड्स या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिले होते की शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसापासून दूर राहतात, तर नळीतून किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीतून उचललेले स्वतःहून जवळ येतात. घरी तेच दिसले. पहिल्या आठवड्यात नळी ठेवताच दोघी पळत. आज साय नळीतून चालत सरळ लेकीच्या ओंजळीत आली आणि तिथेच बसून मिशा साफ करू लागली. लेक श्वास रोखून बसली होती. "आई, हलू नकोस हं," एवढेच ती अगदी हळू बोलली.

५ मार्च

ब्रोकोली, गाजर, वाटाणा, ओट्स आणि अंडे असे पाच पदार्थ तपासून झाले. गाजराचा तुकडा दोघींनी हुंगून सोडला, बाकीचे चार आनंदाने खाल्ले. लेंड्या घट्ट व कोरड्या राहिल्या. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी तांबूस स्राव नाही, श्वासाचा टकटक आवाज नाही, केस चपटे आणि तुकतुकीत आहेत.

पेलेटची पिशवी निम्मी संपली. पुढची घेताना मोठी पिशवी परवडते म्हणून घ्यायची नाही. उघडलेल्या खाद्यातील जीवनसत्त्वे महिन्यागणिक कमी होतात आणि स्निग्धांश खवट होतो. लहान पिशवी, हवाबंद डबा, आणि डब्यावर उघडल्याची तारीख. आजचे वजन: राई २६, साय २८. पुढचे वजन १२ मार्चला.